माहितीचा पूर आणि नॉलेज ग्राफ: कंपन्यांना खरंच गरज आहे का?

गोदामपाल (धागाकर्ता)
ईमेल, पीडीएफ, एक्सेल, चार सॉफ्टवेअरचे रिपोर्ट. माहिती वाढली की लक्ष कमी पडतं, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनने १९७१ मध्येच सांगून ठेवलंय. नुसता सर्च सुधारून भागणार नाही. कशाचा कशाशी काय संबंध, हे मशीनला कळेल असं नोंदवायला हवं. अशा नात्यांचं जाळं म्हणजेच नॉलेज ग्राफ.

साधं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. एसकेएफ कंपनीच्या डब्यावर '२झेड', एनएसकेच्या डब्यावर 'झेडझेड'. दोन्हींचा अर्थ एकच: दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड. सिस्टिमला मात्र हे दोन वेगळे आयटम वाटतात. एक रॅकवर धूळ खात असतो आणि दुसऱ्याची तातडीची ऑर्डर निघते. 'हा त्याला पर्याय' एवढं नातं नोंदवलं की झालं.

शंकासूर
झालं म्हणे! सिमँटिक वेबचं (मशीनलाही अर्थ कळेल अशा वेबचं) गाजर वेबचा जनक टिम बर्नर्स-ली आणि मंडळींनी २००१ मध्ये दाखवलं. २००४ मध्ये अशी नाती लिहायचं 'आउल' हे मानकही आलं. पुढे? ऑन्टॉलॉजी (कोणत्या गोष्टी आणि त्यांच्यात कोणती नाती, याचा आराखडा) ठरवायला कमिटी बसते आणि ती उठेपर्यंत धंदाच बदललेला असतो. आता चॅटजीपीटीसारखी भाषा मॉडेल आणि वेक्टर सर्च हाताशी आहेत. सगळा ढीग त्यांच्यापुढे ओता आणि विचारा.

तर्कटी
विचारा की. वेक्टर सर्च मिळतंजुळतं शोधतो. '६२०५-२आरएस' म्हणजे रबरी सील, पण त्याच्या लेखी ते झेडझेडला अगदी खेटून. पाणी उडतं त्या जागी शील्डवालं बसवलंत की पाणी आत जाणार, ग्रीस धुऊन निघणार, बेअरिंग जाम होणार. मग सर्चला दोष द्यायचा की खरेदीखात्याला?

आणि कोणी वापरत नाही असंही नाही. गूगलचा नॉलेज ग्राफ २०१२ पासून आहे. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात बीबीसीने खेळाडूंची आणि संघांची पानं ऑन्टॉलॉजीवरच चालवली होती.

शंकासूर
गूगल-बीबीसीची उदाहरणं नकोत, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. आमच्या ऑफिसात प्रत्येक फाइलला टॅग सक्तीचा केला. लोकांनी काय केलं? यादीतला पहिलाच टॅग लावून मोकळे. आज अर्ध्या फाइली 'अंतर्गत लेखापरीक्षण' आहेत, त्यात वाढदिवसाचे फोटोसुद्धा.

वाचनमात्र
(फोटोंचं लेखापरीक्षण व्हायलाच हवं.) सगळं शून्यातून कशाला बांधायचं? वैद्यकात स्नोमेड सीटी ही तयार संज्ञावली आहे, वित्तक्षेत्रात फायबो ही तयार ऑन्टॉलॉजी आहे. उरलेली नाती मॉडेलने सुचवावीत, जाणकाराने हो-नाही म्हणावं.

गोदामपाल
हे पटलं. आमच्याकडे तो जाणकार म्हणजे मेंटेनन्सचा फोरमन. पर्याय त्याला तोंडपाठ आहेत. पण हो-नाही म्हणण्यात गेलेला त्याचा तास कोणत्याच खात्यात धरला जात नाही. ग्राफचं लायसन्स मंजूर होतं, त्याचा तास नाही.

शंकासूर
आणि तो रिटायर झाला की?

गोदामपाल
म्हणून तर आत्ता लिहून घ्या म्हणतोय!