मायक्रोएनकॅप्सुलेशन: सूक्ष्मवेष्टन की सूक्ष्मसंपुटन?

अन्नतंत्रज्ञानावरचा एक लेख तपासतेय. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दुधात, पावात कसं घालतात, असा विषय. लेखकाने मायक्रोएनकॅप्सुलेशनला, म्हणजे एखादा पदार्थ अगदी बारीक कणांत कोंडण्याला, कुठे 'सूक्ष्मवेष्टन' लिहिलंय, कुठे 'सूक्ष्मसंपुटन'. कोणता ठेवू?

— संपुटन. वेष्टन म्हटलं की बिस्किटपुड्याचा कागद आठवतो. संपुट म्हणजे तोंडाला तोंड लावून बंद केलेली भांडी. भस्म करताना वैद्य दोन परळ असे जोडून कपडमाती करतात, म्हणजे माती लावलेल्या कापडाने सांधा बंद करतात, ते शरावसंपुट. देव ठेवायचा संपुष्ट त्याचाच भाऊबंद. इथेही तेल कोंडायचंच आहे, नाहीतर हवा लागून खवट होतं.

— शब्द चांगला, चित्र अर्धवट. मी स्प्रे ड्रायरवर असतो. तेल, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) आणि डिंक पाण्यात घोटून दीडशे अंशांच्या वरच्या गरम हवेत फवारतो. पाणी उडत असतं तोवर थेंब फारसा तापत नाही, म्हणून तेल वाचतं. खाली पडते ती भुकटी. तिच्या एकेका कणात तेलाचे असंख्य बारीक थेंब विखुरलेले असतात. म्हणजे हा मोदक नाही, चिक्की आहे! मोदकासारखं सारण आत आणि पारी बाहेर हवी असेल तर कोअॅसर्व्हेशन, म्हणजे द्रावणात विरघळलेला पदार्थ वेगळा करून थेंबाभोवती जमवायची पद्धत. ते मुळात खाण्यासाठी नव्हतंच. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने बिनकार्बन प्रतींच्या कागदासाठी ते काढलं. पेनाचा दाब पडला की रंगद्रव्याच्या कुप्या फुटायच्या.

— मग वेष्टन बादच का?

— नाही हो. लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं मीठ घ्या. उघडं लोह आयोडीनला टिकू देत नाही, म्हणून एका पद्धतीत लोहाच्या कणांवर स्निग्ध थर चढवतात. तिथे वेष्टन खुशाल लिहा. एरवी संपुटन, आणि पहिल्यांदा येईल तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत शेजारी.

— लेखात फंक्शनल फूडला, म्हणजे पोषणापलीकडे आरोग्यालाही फायदा व्हावा म्हणून केलेल्या अन्नाला, 'कार्यात्मक अन्न' आहे का? असेल तर काढाच. काहीही बोध होत नाही. 'गुणकारी' लिहिलं तर जाहिरात वाटेल. मी तरी 'फंक्शनल फूड'च ठेवीन. बायोअॅक्टिव्हला 'जैवसक्रिय' मात्र रुळलाय.

— आहे, काढते. आणि कोंडलेला पदार्थ बाहेर पडतो त्या रिलीजला त्यांनी 'विमोचन' लिहिलंय!

— अरे देवा. विमोचन पुस्तकाचं. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) मण्यातले प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक, जिवाणू जठरातल्या आम्लातून बऱ्याच अंशी तगतात आणि आतड्यात मणी फुगला की बाहेर पडतात. सरळ 'सुटतात' लिहा.