अनुभव धागा: गाडी काही महिने गॅरेजमध्ये बंद ठेवताना

मुलांकडे परदेशी जाणारे आईवडील, बदलीच्या गावी कंपनीची गाडी मिळालेले नोकरदार, शस्त्रक्रियेनंतर गाडी चालवण्यास मनाई झालेली मंडळी अशा अनेकांच्या गाड्या कोल्हापुरात चार-सहा महिने कव्हरखाली उभ्या राहतात. या विषयावर मिळणारी बहुतेक माहिती बर्फ पडणाऱ्या देशांतील हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. कूलंट गोठण्याची धास्ती आपल्याला नाही. आपल्याला विचार करावा लागतो तो पावसाळ्यातील ओलीचा, उंदरांचा आणि नदीकडच्या भागांत पंचगंगेच्या पाण्याचा. म्हणून ज्यांनी इथल्या हवेत गाडी ठेवली आहे, त्यांनी काय केले आणि ते का केले, हे सविस्तर लिहावे. ‘मिस्त्रीला दाखवून घ्या’ एवढ्यावर संपणारे सल्ले कृपया नकोत.

राजारामपुरी, निवृत्त बँक अधिकारी

आम्ही पतीपत्नी बहुतेक पावसाळे मुलीकडे अमेरिकेत काढतो, त्यामुळे गाडी बंद ठेवणे हा आमच्या घरचा नेमच झाला आहे. माझ्या मते निम्मा प्रश्न बॅटरीचा आहे. गाडी कुलूपबंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि रिमोटचा रिसीव्हर थोडा करंट घेतच राहतात. तो 50 मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर खर्च होतात; म्हणजे लहान गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने महिन्याभरात रिकामी होते, आणि इंजिन फिरवण्याइतका जोर त्याच्या बराच आधी संपतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतील प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि पुढे कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी, मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की ती भरली असे समजावे. त्यानंतर 10 नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह केबल सोडवावी आणि परत जोडताना ती शेवटी जोडावी. कारण असे की गाडीचा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो आणि पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन मोठी ठिणगी उडते. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. काही गाड्यांची डिकी विजेच्या लॉकवर उघडते, तेव्हा केबल सोडण्यापूर्वी दरवाजा साध्या किल्लीने उघडतो की नाही, हे पाहून ठेवावे. बॅटरी काढून जमिनीवर ठेवली की उतरते, हा समज मात्र जुन्या काळच्या खोक्यांमुळे रूढ झालेला आहे. आताच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशीचे काही सोयरसुतक नसते.

फुलेवाडीच्या पुढे, ऊस उत्पादक

काकांचे बॅटरीचे विवेचन पटले, परंतु आमच्या भागात बॅटरीच्या आधी उंदीर येतो. घर फडाला लागून आहे आणि ऊसतोड सुरू झाली की फडातील उंदीर आसरा शोधत वस्तीकडे सरकतात. बंद गाडीचे बॉनेट म्हणजे त्यांच्यासाठी बांधून तयार असलेले घरच. धाकट्या भावाच्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा आत बॉनेटखालच्या अस्तराचा कापूस, पाचटाचे तुकडे आणि कुठून तरी आणलेली सुतळी यांचे व्यवस्थित गोल घरटे निघाले. फिल्टरचा कागद एका कोपऱ्यात पूर्ण कुरतडलेला होता आणि शेजारच्या सेन्सरच्या वायरचे तांबे उघडे पडले होते.

तेव्हापासून आमच्याकडे पहिले काम म्हणजे गाडी आतून झाडून काढणे. सीटच्या फटीत सांडलेले भडंग आणि शेंगदाणे कुठे लपतात, हे पाठची सीट उचलल्याशिवाय कळत नाही. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी तारेने बांधतो आणि सायलेन्सरच्या नळीत भांडी घासायच्या तारेचा बोळा बसवतो. हा बोळा काढल्याशिवाय गाडी सुरू होता कामा नये, म्हणून त्याला लाल फडके बांधून दुसरे टोक बाहेर लोंबते ठेवतो आणि स्टिअरिंगवर तशी चिठ्ठी चिकटवतो. विष मात्र ठेवू नये, कारण ते खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मेला, तर वासापायी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यापेक्षा चाकांशेजारी पिंजरे लावावेत. डांबरगोळ्या ठेवायच्या तर गाडीखाली. आत ठेवल्यास तो वास कापडात भिनतो आणि श्वासालाही बरा नाही.

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ

2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत आमच्या भागात पाणी शिरले होते, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पुष्कळ ठिकाणी असे सुचवले जाते की गाडी स्टँडवर चढवावी, चाके उतरवावीत आणि बॅटरी काढून घरात ठेवावी. उंचावरच्या वस्तीत हे ठीक आहे. आमच्या गल्लीत तशी ठेवलेली गाडी ऐन वेळी कोणालाही हलवता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते. पाणी 39 फुटांकडे सरकू लागले की गाडी बाहेर निघाली पाहिजे, कारण राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर आणि वर गगनबावड्याकडे पाऊस कोसळत असताना नंतर फारशी सवड मिळत नाही, आणि व्हीनस कॉर्नरचा रस्ता पाण्याखाली गेला की गाडी न्यायची कोठून, हाही प्रश्न उरतोच.

म्हणून पावसाळ्यात बाहेर राहायचे असेल, तर आम्ही गाडी आधीच उंचावर राहणाऱ्या आतेभावाकडे नेऊन ठेवतो. ते शक्य नसेल तेव्हा चाके जमिनीवर, बॅटरी जागेवर आणि ती भरली की आपोआप थांबणाऱ्या चार्जरला जोडलेली, गाडीचे तोंड दाराकडे आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे, अशी व्यवस्था असते. गाडीत पाणी शिरलेच, तर ओसरल्यावर ‘बघू चालू होते का’ म्हणून किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टनचा दांडा वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा मान्य होत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. निगेटिव्ह केबल सोडवावी, फोटो काढावेत आणि गाडी क्रेनवर उचलूनच न्यावी.

शिवाजी उद्यमनगर, गॅरेज व्यावसायिक

बंद राहिलेल्या गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा सर्वाधिक आढळणारी तक्रार म्हणजे मागचे चाक न फिरणे. हँडब्रेक ओढून गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ओलीमुळे ब्रेक-शू ड्रमला गंजाने चिकटतात. हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. धुतल्यावर लगेच कव्हर घालू नये. कळंब्यापर्यंत एक फेरी मारून ब्रेक कोरडे करावेत आणि मगच गाडी आत घ्यावी. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय हवा जास्त भरावी, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. इंजिन ऑइल बदलायला आले असेल, तर ते परत आल्यावर नव्हे, तर जाण्यापूर्वी बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल आणि ओल बेअरिंगवर तशीच बसून राहते.

आणखी एक सवय मोडावी असे मला मनापासून वाटते. शेजाऱ्यांना किल्ली देऊन ‘आठवड्याला पाच मिनिटे चालू करून बंद करा’ असे सांगितले जाते. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि स्टार्टरने घेतलेली वीजही बॅटरीला पुरती परत मिळत नाही. चालवायचीच असेल, तर पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, नाहीतर हात लावू नये. शटर बंद करून इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतू शकते.

रुईकर कॉलनी

आपल्याच जिल्ह्यातील कारखाने इथेनॉल तयार करतात आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर घरात बराच खल झाला. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. टाकी भरलेली असली की वर दमट हवेला जागाच कमी राहते, म्हणून आम्ही भरून ठेवली. परतल्यावर ते पेट्रोल वापरून निम्मे झाले की ताजे भरले.

ताराबाई पार्क, शिक्षिका

बुरशीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून एवढेच लिहिते. गाडी ठेवण्याच्या दिवशी शेवटची दहा मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवावा, म्हणजे आतील कॉइल सुकते. पायपुसणी काढून घरात ठेवावीत. कव्हर सुती असावे. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली पावसाळ्यात घाम साचतो आणि रंगावर ठिपके उमटतात.

साने गुरुजी वसाहत

भाऊ मर्चंट नेव्हीत असल्यामुळे त्याच्या गाडीची कागदपत्रे मी सांभाळते. गाडी रस्त्यावर येणार नाही म्हणून विम्याचे नूतनीकरण टाळण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु आग, चोरी आणि पूर गॅरेजमध्येही येतात. शिवाय पॉलिसी संपून 90 दिवस उलटले, तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. पीयूसीची मुदत या काळात संपत असेल, तर परतल्यावर पहिली फेरी थेट पीयूसी केंद्राकडेच न्यावी. त्या फेरीपूर्वी टायरची हवा पुन्हा नेहमीइतकी करून घ्यावी आणि ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहावेत. डिस्कवरचा वरवरचा गंज सुरुवातीला खरखरतो आणि थोड्या अंतरात जातो. पेडल मात्र मऊ लागत असेल, तर गाडी पुढे नेऊ नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे.