सेक्स्टंटचे ऑनलाइन धडे पारखायचे कशावर?

रविवारपेठी: सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची उंची कोनात मोजणारं उपकरण, वापरून जहाजाची जागा काढायला शिकवणारे ऑनलाइन कोर्स बरेच झालेत. चांगला कोणता? माझी कसोटी एकच: विद्यार्थ्याने स्वतः घेतलेलं रीडिंग मास्तर ओळीओळीने तपासतो का? नसेल तर ॲनिमेशन कितीही देखणं असो, पैसे टाकू नका. आणि पुण्यात समुद्र नाही ही सबब चालणार नाही. ताटलीत जुनं इंजिन ऑइल ओता, वाऱ्याला आडोसा करा, दोन्हीकडच्या काळ्या काचा लावा, मग तेलातला सूर्य आणि आरशातला सूर्य एकमेकांवर आणा. समजा रीडिंग ९६°१०′ आलं आणि इंडेक्स एरर, म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक, २′ 'ऑन द आर्क' (म्हणजे रीडिंग तेवढं जास्त दाखवणारी) आहे. आधी २′ वजा, मगच निम्मं (तेलात कोन दुप्पट मोजला जातो): ४८°०४′. इथे डिप (डोळा उंचावर असल्याने क्षितिज खाली दिसतं, त्याची वजावट) लावायचा नसतो. बहुतेक जण आधी निम्मं करतात किंवा सवयीने डिप वजा करतात, आणि उत्तर काही मैल सरकतं.

खलाशी_कोथरूड: ताटलीचं कौतुक थंडीपुरतं ठीक आहे. तेलात कोन दुप्पट होतो आणि सेक्स्टंट मोजतो १२०-१३० अंशांपर्यंत. पुण्याचा अक्षांश १८°३१′. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो, मेमध्ये थेट डोक्यावर. मार्चमध्ये प्रवेश घेणाऱ्याने काय करायचं? त्यापेक्षा तयार रीडिंगं देऊन भरपूर गणितं सोडवून घेणारा कोर्स बरा. चुका तिथेच होतात. मेमध्ये पहाटे ५:१५ ला तारा घेतला, तर ग्रीनिचला आदल्या दिवशीचे २३:४५ वाजलेले असतात. अल्मनॅकचं (सूर्य-ताऱ्यांच्या रोजच्या जागा देणाऱ्या पंचांगाचं) पान आदल्या तारखेचं उघडायचं, हे किती धडे सांगतात?

रविवारपेठी: दुपारचाच हट्ट का? मेमध्ये सकाळी नऊचा सूर्य घ्या, इंटरसेप्ट (मोजलेली उंची आणि अंदाजी जागेवरून गणिताने आलेली उंची यांतला फरक) काढा. फक्त दुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढायला शिकवून थांबणारा कोर्स अर्धवटच. शिवाय तयार रीडिंगं धुतल्या तांदळासारखी असतात. खरी रीडिंगं विखुरतात. ओळीने पाच घेऊन वेळेसमोर आलेखावर मांडली की चुकार रीडिंग लगेच दिसतं. ही नजर आयत्या आकड्यांवर येत नाही.

गच्चीवरून: माझी चाचणी स्वस्त आहे. ध्रुवताऱ्याचा धडा आधी उघडा. 'त्याची उंची म्हणजे अक्षांश' एवढंच सांगून पुढे गेले असतील तर बंद करा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे. दुरुस्ती न लावता अक्षांश तीसेक मैलांनी चुकू शकतो.

खलाशी_कोथरूड: ही चाचणी मान्य. पण ताटलीबद्दल अजून एक. समुद्रावर सेक्स्टंट झुलवून सूर्य क्षितिजाला नेमका खालच्या बिंदूत टेकवावा लागतो. वाकडा धरला तर रीडिंग नेहमी जास्तच येतं. तेलावर झुलवायची गरजच पडत नाही, म्हणजे नवख्याचं जे पहिलं चुकतं तेच सरावाबाहेर. खडकवासल्याचं पाणीही कामाचं नाही, पलीकडचा काठ फार जवळ.

रविवारपेठी: मग कोकणात एक दिवस ठेवणारा कोर्स घ्या. फक्त वेळापत्रक बघून घ्या. तिथे मोकळं क्षितिज पश्चिमेला, सकाळी सूर्य डोंगराच्या बाजूला. सकाळचं सत्र ठेवलं असेल तर आखणाऱ्याने किनाऱ्यावर सेक्स्टंट उचललेला नाही. दुपारी तीननंतरचं हवं.