मदत हवी आहे: जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटचं रंगकाम

मंडळी, ज्या पार्लरमध्ये दादा मला १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'साठी न्यायचा, तिथलंच कॅबिनेट परवा घरी आणलं. खालचं चार बोटं प्लायवूड पाणी पिऊन फुगलंय. नखानं दाबलं तरी पापुद्रे सुटतात. लांबी (पुट्टी) भरून भागेल, की तेवढी पट्टी कापून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून नवा मरीन प्लाय जोडू? सगळं वजन तिथंच येतं, म्हणून माझा कल कापण्याकडे आहे.

डाव्या बाजूचं हातानं रंगवलेलं चित्र मात्र वाचवायचंच आहे. भोवतीचा जुना ऑइलपेंट हीट गनऐवजी पॉलिश पेपरनं काढला तर चालेल ना?

पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहतात, त्यामुळे तिला हात लावलेला नाही. ती नीट डिस्चार्ज करून उतरवणारा जुना टीव्ही मेकॅनिक पेठांमध्ये कुणाच्या ओळखीचा आहे का? पावसाळ्याच्या आत रंग वाळायला हवा.