चाळिशीत आइस हॉकी शिकायची आहे, सुरुवात कशी करू?

सातारकर_मिसिसागा

नमस्कार मंडळी. वय ४१, मूळ सातारा, सध्या मुक्काम मिसिसागा, कॅनडा. लेक टिमबिट्स म्हणजे लहानग्यांची आइस हॉकी खेळते. शनिवारी सकाळी सातला तिला रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) न्यायचं, तिच्या स्केटच्या नाड्या आवळायच्या आणि मग काचेमागे गारठत कॉफी पीत बसायचं, हा आमचा नेम. आता काचेच्या आत जावंसं वाटायला लागलंय.

स्केटिंगची पाटी कोरी आहे. शाळेत आठवी ते दहावी मैदानी हॉकी खेळलो, नंतर फक्त टेनिस बॉलचं क्रिकेट. आधी नुसतं स्केटिंग शिकू की थेट मोठ्यांच्या हॉकी वर्गात नाव घालू? सामान जुनं चालतं का? आणि मी उजव्या हाताचा, तरी दुकानातला पोरगा म्हणतो की उजव्या हाताचे लोक डावी स्टिक घेतात. डोकं फिरलं. गुडघ्यांची काळजी आहेच. बायको म्हणते, हौसेला मोल नसतं, पण फिजिओला असतं.

खडकीकर

शीर्षकात 'हॉकी' दिसलं म्हणून धावत आलो, बघतो तर बर्फ. आम्ही धनराज पिल्लेच्या खडकीचे. आमच्यासाठी हॉकी म्हणजे घामाचा खेळ. तरी स्टिकपुरतं बोलतो. आपल्या हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच. डावा हात वर, उजवा खाली, हे तुमच्या हातांना शाळेतच पाठ झालंय. ते आता उलटं कशाला करायचं? बाकीचं बर्फवाले सांगतील.

ऑटावाची_आत्या

सातारकर, मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर सुरू केलं. मूळची नागपूरची, म्हणजे बर्फ फक्त रसवंतीत पाहिलेली. त्यामुळे वयाचं कारण माझ्यासमोर चालणार नाही.

आधी थांबायला शिका. पुढे सरकायला कुणीही शिकतं. थांबता येत नाही म्हणून नवशिका वेग घेत नाही, आणि वेग घेत नाही म्हणून त्याला पुढचं काहीच येत नाही. माझ्या वर्गातले निम्मे लोक हिवाळाभर इथेच अडकले होते. कडेच्या फळ्यांवर जाऊन आदळणं म्हणजे थांबणं नव्हे. स्नोप्लाऊपासून सुरू करा: पाय खांद्याइतके फाकवून गुडघे वाकवा, टाचा बाहेर ढकला आणि पात्याच्या आतल्या कडेने बर्फ खरवडा. खर्रकन आवाज आला पाहिजे, कीस निघाला पाहिजे. मग आडवं वळून थांबायचा हॉकी स्टॉप. प्रत्येकाची एक बाजू पक्की होते आणि दुसरी लंगडी राहते, म्हणून सराव नावडत्या बाजूने सुरू करायचा.

पब्लिक स्केटिंगला चार वेळा जाऊन या, पण तिथे रमू नका. जीन्स घालून पडलं की लागतं, लागलं की पुढच्या वेळी अंग ताठ होतं, आणि ताठ माणूस मागे पडतो, तोही डोक्यावर. अंगावर पूर्ण सामान असलं की पडायची भीतीच जाते. मुद्दाम पोटावर सरपटून बघा, मजा येते. म्हणून थेट मोठ्यांच्या 'लर्न टू प्ले' वर्गात नाव घाला. तिथे पहिल्या दिवसापासून सगळं घालूनच उतरवतात आणि पहिला धडा पडून उठायचाच असतो.

सामानाचं म्हणाल तर आधी कळस मग पाया करू नका. लोक भारी कार्बनची स्टिक घेतात आणि स्केटवर पैसे वाचवतात. हेल्मेट नवंच घ्या, सीएसएचा (कॅनडातल्या मानक संस्थेचा) शिक्का बघून आणि चेहऱ्यावर पूर्ण केज, म्हणजे जाळी असलेलं. जुन्या हेल्मेटचा फोम किती मार खाऊन बसलाय ते वरून कळत नाही. जॉकही (जांघेचं संरक्षण) नवाच, कारण विचारू नका. शिन पॅड, कोपरं, खांदे, पँट, बॅग हे सगळं प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या दुकानात जुनं उत्तम मिळतं. हौसेने घेऊन दोन महिन्यांत सोडणारे इथे पुष्कळ आहेत. (मी सोडलं नाही, पण नवऱ्याने सोडलं. त्याचे शिन पॅड मी वापरते.)

स्केट बुटाच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. मोजा पातळ. आपल्याकडे वाढत्या पायाचे बूट घ्यायची पद्धत आहे, ती इथे मोडा. सैल स्केटमध्ये घोटा डुगडुगतो आणि माणूस म्हणतो, माझे घोटेच कमजोर. नवे घेतलेत तर दुकानात छोट्या भट्टीत गरम करून पायावर बसवून देतात. आणि नव्या पात्याला धार नसते, ती आधी लावून घ्या. धारवाला 'हॉलो किती' विचारेल. सर्रास अर्धा इंच लावतात, तुम्ही पाच-अष्टमांश सांगा. आकडा मोठा तितकी पात्यातली खाच उथळ, पातं कमी रुततं आणि थांबायला सोपं जातं.

स्टिकबाबत खडकीकरांचं बरोबर आहे. तो पोरगाही खोटं बोलला नाही. कॅनडात बळकट हात वर धरायची सवय लहानपणीच लागते, म्हणून इथे डावी, म्हणजे डावा हात खाली धरायची स्टिक जास्त खपते. पण तुमची शाळेतली हॉकी घ्या नाहीतर क्रिकेटची बॅट, दोन्हींत उजवा हात खाली. उजवी घ्या. स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत आली पाहिजे. फ्लेक्सचा (स्टिकच्या ताठपणाचा) आकडा तुमच्या वजनाच्या पौंडांच्या साधारण निम्मा, सुरुवातीला थोडा कमीच बरा.

मैदानी हॉकीच्या दोन सवयी मात्र तुम्हाला नडतील. एक, कमरेत वाकून चेंडूकडे बघत धावणं. इथे पाठ बऱ्यापैकी सरळ, वाकायचं ते गुडघ्यांत, आणि नजर वर. दुसरी, स्टिक उलटी फिरवणं. तिकडे एकच सपाट बाजू चालते म्हणून मनगट आपोआप फिरतं. इथे स्टिकच्या पात्याच्या दोन्ही बाजू चालतात, बॅकहँडने (मागच्या बाजूने) खुशाल मारा.

सातारकर_मिसिसागा

आत्या, दंडवत! स्टिकचा घोळ मिटला. मनगट फिरवायची सवय आहेच, लेकीबरोबर गॅरेजसमोर खेळताना ती हसते. आता दोनच शंका. टीव्हीवर एकमेकांना फळ्यांवर चेपतात, ते मोठ्यांच्या लीगमध्येही असतं का? आणि दम टिकेल का? मी जिना चढलो तरी बोलायचा थांबतो.

मिनेसोटाचा_गोली

मध्येच बोलतो. सातारकर, गोली (गोलरक्षक) व्हा! मोठ्यांच्या लीगमध्ये गोलींचा कायम दुष्काळ, त्यामुळे कितीतरी ठिकाणी गोलीकडून खेळायचे पैसेच घेत नाहीत. बाकीचे बेंचवर धापा टाकत असतात तेव्हा आपण जाळीपुढे राजासारखे उभे.

ऑटावाची_आत्या

गोलीसाहेब, गोलीच्या सामानाला किती पडतात तेही सांगा की. शिवाय त्यांनी गुडघ्यांची काळजी वर लिहिली आहे आणि तुम्ही त्यांना सारखं गुडघ्यांवर बसायचं काम देताय.

सातारकर, चेपाचेपी नसते. हौशी लीगमध्ये बॉडी चेकिंगला बंदी असते, केलं तर पेनल्टी. खालच्या गटांत बऱ्याच ठिकाणी स्लॅप शॉटही (स्टिक मागे उगारून मारलेला जोरदार फटका) चालत नाही. धक्के लागतात ते बहुतेक थांबता न येणाऱ्यांचे, म्हणजे पुन्हा माझा पहिला मुद्दा. एक गोष्ट मात्र सक्तीची नसली तरी घाला: गळ्याचा पट्टा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात अॅडम जॉन्सन स्केटच्या पात्याने गळा कापून गेला. तो व्यावसायिक खेळाडू होता. आपण तर कुणाचा पाय कधी हवेत जाईल सांगता येत नाही अशांत खेळणार.

दमाचं म्हणाल तर या खेळात सलग कुणीच खेळत नाही. पाऊण मिनीट जीव तोडून पळायचं आणि बेंचवर परत यायचं, दुसरा उतरतो. नवशिके दीड-दीड मिनीट आत रेंगाळतात, ते कुणालाच आवडत नाही. दमलात की या, लाज नाही. आणि परत येताना दारातूनच या, फळीवरून उडी मारायचा मोह टाळा.

ऑफसाइडचा नियम तेवढा घरून पाठ करून जा: समोरची निळी रेषा आधी पकने (चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीने) ओलांडायची, मग आपण. आइसिंगचा नियम खेळताना कळेल.

सातारकर_मिसिसागा

पुढच्या महिन्यात सुरू होणाऱ्या वर्गात नाव घातलं, रविवारी रात्री सव्वादहाला. एवढ्या रात्री का, कुणास ठाऊक.

ऑटावाची_आत्या

आधीच्या वेळा मुलांच्या, उरलेलं बर्फ आपलं. सवय होते.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी जा, कारण क्रम चुकला की सगळं काढून परत घालावं लागतं. जॉक, शिन पॅड, त्यावर हॉकीचे लांब मोजे, पँट, मग स्केट. नाड्या तेव्हाच आवळा, खांदे चढवले की वाकता येत नाही. मग खांदे, कोपरं, गळ्याचा पट्टा, जर्सी, हेल्मेट आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. घरी आल्यावर कितीही झोप आली तरी बॅग गाडीत सोडू नका. सगळं बेसमेंटमध्ये पसरून पंखा लावा, आणि स्केटची पाती पुसल्याशिवाय कव्हर घालू नका, गंज धरतो.