खोक्यावर एक कोड, ऑर्डरपासून बिलापर्यंत एकच नमुना: सरकारी दवाखान्यांच्या खरेदीला हे सक्तीचं करावं का?

गोदाकाठ_भांडार:
नाशिक जिल्ह्यात सरकारी औषध भांडारात २६ वर्षं काढली, आता रिटायर आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचतो, बेड वाढणार, मशिनरी येणार, औषधं येणार, आणि मला एकच धाकधूक वाटते की एवढा माल आला तरी कुठल्या दवाखान्यात कुठली बॅच किती शिल्लक आहे हे आपल्याला वेळेवर कळणार का. ई-औषधी सॉफ्टवेअर आहे, सीडॅकने बनवलेलं आहे, चांगलं आहे, पण त्यात एन्ट्री करणारा माणूस खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून हाताने टाइप करतो आणि सगळा घोळ तिथे होतो. एकच पॅरासिटामॉल ५००, कुणी पीसीएम लिहितो, कुणी पॅरा टॅब, कुणी गोळ्यांत मोजतो कुणी स्ट्रिपमध्ये. एकदा एका ग्रामीण रुग्णालयातून इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसतं '१०००' आलं, आम्ही हजार गोळ्या पाठवल्या, त्यांना हव्या होत्या हजार स्ट्रिप, तापाची साथ चालू होती आणि पुढची गाडी जायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत लोकांनी बाहेरून विकत घेतल्या गोळ्या, मजुरी करणाऱ्या लोकांनी.

दुसरं त्याहून वाईट. एका इंजेक्शनची बॅच नापास झाल्याचं पत्र आलं, वापर थांबवा म्हणून. रजिस्टरं चाळून कुठे कुठे गेली ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. तोवर बरीचशी वापरून झाली होती. कुणाला काही झालं नाही, पण ते चार दिवस मी नीट झोपलो नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ई-टेंडर म्हणजे ई-खरेदी नाही. टेंडर ऑनलाइन भरलं जातं आणि त्याच्यापुढे पुन्हा कागद सुरू होतो. प्रत्येक खोक्यावर जागतिक पद्धतीचा बारकोड (भारतात नोंदवलेला ८९० ने सुरू होतो तोच), त्यात बॅच आणि एक्सपायरी, आणि ऑर्डर, चलन, पोच, बिल हे सगळं एकाच ठरलेल्या नमुन्यात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला हवं. इंग्लंडने २०१४ मध्ये त्यांच्या सरकारी आरोग्य सेवेसाठी हेच धोरण काढलं, कोडसाठी जीएसवन आणि ऑर्डर-बिलाच्या देवाणघेवाणीसाठी पेपोल हे दोन स्टँडर्ड ठरवले, मग २०१६ मध्ये डर्बी, लीड्स, सॅलिसबरी अशा सहा ठिकाणी १.२ कोटी पौंड देऊन करून बघितलं. बॅच मागे घ्यायची वेळ आली की कुठल्या पेशंटला काय गेलं ते स्कॅनच्या नोंदीवरून तिथल्या तिथे निघतं. आपल्याकडे का नको? विरोध असेल तर जरूर लिहा पण कारण द्या.

गोळे_कॉलनीकर:
काका तुमच्याबद्दल आदर आहे पण आम्हा सप्लायर लोकांच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो. माझं नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांचं होलसेलचं दुकान आहे, वडिलांपासून. सरकारी ऑर्डर घ्यायची म्हणजे आधीच डिजिटल सही काढा, ईएमडी (टेंडरची अनामत) भरा, सर्टिफिकेटं अपलोड करा, त्यात पोर्टल शेवटच्या दिवशी अडकतं. हे सगळं केलं, एल वन (सगळ्यात कमी दराचा) आलो, माल दिला, आणि पैसे? एका ठिकाणचं बिल माझं ११ महिने अडकलं होतं. दर वेळी एकच उत्तर, अनुदान बीडीएसवर (सरकारी निधी वाटपाच्या सिस्टमवर) आलेलं नाही. बँकेचं व्याज मी भरलं. आता तुम्ही म्हणता कोड छापा, स्कॅनर घ्या, नवीन सॉफ्टवेअर घ्या. मोठ्या कंपनीला ते परवडेल, आम्ही बाहेर फेकले जाऊ आणि मग दोन-तीन मोठे लोक रेट ठरवतील. पहिल्यांदा पैसे वेळेवर द्या, मग जे सांगाल ते स्टँडर्ड पाळतो.

गोदाकाठ_भांडार:
भाऊ तुमचं ११ महिन्यांचं दुखणं खरं आहे, मी टेबलाच्या पलीकडे बसून असे कितीतरी लोक परत पाठवलेत आणि दर वेळी लाज वाटलीय. पण कोड छापायचा कंपनीने, तुम्ही नाही. आणि जीएसटीचं ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या सगळ्यांना लागू झालं तेव्हाही व्यापारी हेच म्हणत होते, वर्षभरात सगळ्यांना सवय झाली.

गोळे_कॉलनीकर:
झाली ना सवय, मीच करतो. पण पुढचं ऐका. तो ई-इनव्हॉइस घेऊन मी दवाखान्यात जातो तेव्हा मला सांगतात प्रिंट काढा, तीन प्रती करा, प्रत्येकीवर शिक्का मारा, मूळ चलन जोडा. म्हणजे सरकारला टॅक्स पाहिजे तिथे कॉम्प्युटरचं बिल खरं आणि मला पैसे द्यायचे तिथे कागदाचं खरं. स्टँडर्ड फक्त विकणाऱ्याला आणि विकत घेणारा मोकळा, हे मला मान्य नाही.

सुरगाणा_फार्मसी:
मी इकडे घाटावर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फार्मासिस्ट आहे. दोघांचं वाचलं. भांडारवाल्या सरांना नम्रपणे सांगते की पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते ती कधी कधी दोन दोन दिवस येत नाही, नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. आवणीच्या दिवसांत साप चावलेला पेशंट येतो तेव्हा मी एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या औषधाची) व्हायल आधी स्कॅन करू का आधी सिस्टरच्या हातात देऊ? एकटी माणूस आहे मी, ओपीडी पण मीच, स्टॉक पण मीच, ऑनलाइन रिपोर्ट पण मीच, आधीच पाच पोर्टलं भरते. सहावं आलं तर रात्री घरी नेऊन भरणार आणि ते खरं नसणार, अंदाजाने भरलेलं असणार.

मात्र तुम्ही बॅचचं जे लिहिलं ते मला पटलं. आमच्याकडे निअर एक्सपायरी माल येतो, तीन महिने उरलेला, आणि शेजारच्या तालुक्यात तेच औषध संपलेलं असतं. हे आम्हाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं, सिस्टमवर नाही.

द्राविडी_प्राणायाम:
एवढ्या सगळ्याची गरजच काय हा माझा प्रश्न आहे. तमिळनाडूने १९९४ ला औषध महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोडाऊन, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यात रक्कम ठरलेली, तेवढ्याचं औषध गोडाऊनमधून उचलायचं. प्रत्येक बॅच तपासून मगच वाटप. ३० वर्षं चालू आहे आणि राजस्थानने २०११ ला त्याच धर्तीवर मोफत औषध योजना उभी केली. आपण मात्र आधी खात्यांकडून, मग २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडून, मग २०२३ ला कायदा करून नवीन प्राधिकरण, म्हणजे दर पाच-सात वर्षांनी दुकानाची पाटी बदलतोय. गोडाऊन नीट ठेवा, तपासणी नीट करा, माणसं भरा. बारकोड हा नंतरचा विषय आहे, आणि कोड लावला म्हणून आतली गोळी खरी ठरत नाही.

गोदाकाठ_भांडार:
तमिळनाडूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांच्या यादीत एका औषधाला एकच नंबर आणि गोडाऊनपासून वरपर्यंत तोच नंबर, म्हणून ते पासबुक चालतं. आपल्याकडे नावच एक नाही तर पासबुकात लिहिणार काय?

आणि गोळी खरी ठरत नाही म्हणता, अर्धं बरोबर आहे. २०२४ मध्ये नागपूरकडचं बनावट अँटिबायोटिकचं प्रकरण बाहेर आलं, सरकारी दवाखान्यात गेलेल्या गोळ्या, आत औषधच नाही, टाल्कम पावडर आणि स्टार्च, असं आरोपपत्रात होतं. तपासणी हवीच. पण कंपनीने छापलेला कोड आणि तिने किती बनवलं याची नोंद जुळवता आली असती तर न बनलेली बॅच गेटवरच अडकली असती. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० ब्रँडवर क्यूआर सक्तीचा झाला, पण ते बाजारातले ब्रँड. सरकारी सप्लाय बहुतेक जेनेरिक नावाचा, तो यातून सुटला. परदेशात पाठवायच्या औषधांच्या मोठ्या खोक्यांवर २०११ मध्येच बारकोड सक्तीचा झाला होता. तिकडच्या पेशंटसाठी जमलं ते पेठ-सुरगाण्याच्या पेशंटसाठी का जमू नये, मला राग येतो याचा.

हिप_रिप्लेस_आईची:
औषधांवर बोलताय, इम्प्लांट पण घ्या यात. एएसआर नावाचा हिप इम्प्लांट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला, भारतात ४,७०० च्या आसपास ऑपरेशनं झाली होती आणि नंतर केंद्राच्या समितीला त्यातल्या साधारण ३,६०० लोकांचा पत्ताच लागला नाही. शरीरात काय बसवलंय हे कळवायला माणूस सापडत नाही, यापेक्षा मोठं कारण काय पाहिजे? माझ्या आईच्या फाइलवर एक स्टिकर आहे, मी त्याचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवलाय. हे काम माझं नव्हतं.

अंबड_गॉजवाला:
माझा अंबड एमआयडीसीत ड्रेसिंग मटेरियलचा छोटा कारखाना आहे, १४ माणसं. मी कोड घेतलाय, एका एक्स्पोर्ट ऑर्डरसाठी लागला म्हणून. भीती वाटली होती तेवढं अवघड नाहीये, वर्षाला फी आहे, प्रिंटर घ्यावा लागला. त्यामुळे गोळे कॉलनीच्या भावाला सांगतो घाबरू नका. उलट मला सक्ती हवी आहे कारण लघु उद्योगाच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायची तरतूद आहे, १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. पण हे सिद्ध करायला माल कधी पोचला ते दाखवावं लागतं, आणि चलनावरची तारीख कोण टाकतं? तेच. मला एकदा माल घेऊन महिन्यानंतरची तारीख टाकून दिली. स्कॅन झालं की वेळ आपोआप पडते, मागेपुढे करता येत नाही.

गोळे_कॉलनीकर:
दादा तुमचं ठीक आहे, तुम्ही बनवता. आम्ही व्यापारी. आम्हाला जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी दिली पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, त्या ४५ दिवसांच्या तरतुदीत आम्ही बसत नाही. मी वकिलाला विचारून आलोय. म्हणजे पोच वेळेत मिळाली तरी माझ्या हातात काही नाही.

अंबड_गॉजवाला:
हे मला माहीत नव्हतं. मग हे स्टँडर्डच्या नियमातच लिहायला पाहिजे, पोच पडली की दिवस मोजायला सुरुवात, समोर कारखानदार असो की होलसेलर.

गोदाकाठ_भांडार:
हो, इथे मी माझं म्हणणं बदलतो. मी खरेदीदाराच्या बाजूने विचार करत होतो, माल शोधायचा कसा एवढंच. गेटवर स्कॅन झालं की त्याच क्षणी पुरवठादाराच्या मोबाइलवर पोच गेली पाहिजे आणि तीच पोच बिलाला पुरेशी धरली पाहिजे, तीन प्रती आणि शिक्के बंद. हे नसेल तर माझाही सक्तीला विरोध. आणि सुरगाण्याच्या ताईंचं, पीएचसीवर स्कॅनिंग लादू नये. खोकं तालुक्याला उतरतं तिथे स्कॅन करा, पीएचसीला तयार यादी पाठवा, ताईंनी फक्त मिळालं की नाही मिळालं एवढं टिक करायचं, नेटवर्क आल्यावर जाईल. व्हायलला हात लावायच्या आधी कुणीही काही स्कॅन करायचं नाही.

सुरगाणा_फार्मसी:
असं असेल तर चालेल सर. पण एक पोर्टल नवीन येणार असेल तर जुनी दोन बंद करून द्या आधी. आणि तालुक्याला स्कॅन करणार कोण, तिथली फार्मासिस्टची जागा भरलेली नाहीये, वर्ष झालं.

द्राविडी_प्राणायाम:
हेच म्हणत होतो मी. माणूस.

गोळे_कॉलनीकर:
गेटवर पोच मिळणार असेल आणि बिल तिच्यावर पास होणार असेल तर स्कॅनर मी माझ्या पैशाने घेतो, उद्या. पण लेखी पाहिजे, किती दिवसांत पैसे ते आकड्यात पाहिजे. नुसता बारकोड आला आणि पैसे परत बीडीएसवरच अडकले तर मी टेंडर भरणं सोडणार, आणि कॉलनीत असं म्हणणारा मी एकटा नाहीये.