परदेशातील वर्गात पहिले पंधरा दिवस : नागपूरच्या छात्राध्यापकांचे अनुभव

आपल्याकडे बी.एड.च्या दोन वर्षांत 20 आठवडे शाळेत काढावे लागतात आणि त्या काळात पाठटाचण, निरीक्षण वही व मार्गदर्शकांचे शेरे एवढेच आपले जग असते. हेच काम परदेशात करताना सुरुवातीला नेमके काय अडले, हे नागपुरातून गेलेल्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. व्हिसा आणि बॅगेचे वजन यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, वर्गातले लिहा. सुरुवात मी करते, पुढचे अनुभव इतरांचे.

धरमपेठ ते लीड्स

साठ मुलांच्या वर्गात पंख्यांच्या खडखडाटावर मात करणारा आवाज मी सराव पाठांच्या काळात मेहनतीने कमावला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. इंग्लंडमधील लीड्सच्या शाळेत समोर तीसच मुले होती. तास संपल्यावर माझ्या मार्गदर्शक बाईंनी अतिशय सौम्यपणे विचारले, "आज तुम्ही कोणावर रागावला होता का?" मी कोणावरही रागावले नव्हते; अपूर्णांक शिकवत होते. वर्ग गडबड करू लागला की त्या स्वतः आवाज चढवण्याऐवजी बोलणेच थांबवत आणि शांतता होईपर्यंत उभ्या राहत. मला ते जमायला बरेच आठवडे लागले, कारण वर्गात शिक्षक गप्प उभा राहिला म्हणजे त्याची तयारी नाही, असेच आपल्याकडे मानले जाते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास मागे घेतात. बाबांनी सीताबर्डीहून घेऊन दिलेल्या मनगटी घड्याळाला ते कोण सांगणार? अर्धसत्राच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी मी शाळेच्या बंद फाटकापुढे तासभर कुडकुडत उभी होते. घरी फोन करतानाही साडेचार तासांचे अंतर साडेपाच झाल्याचे लक्षात न राहिल्याने आईला दोनदा झोपेतून उठवले.

महालातून फिनलंडला

तेथे मुले शिक्षकांना नावानेच हाक मारतात, 'सर' नाही की आडनाव नाही. घराबाहेर मला नुसत्या नावाने कोणी पुकारत नसल्यामुळे पहिले तीन दिवस आठ वर्षांच्या मुलांच्या हाकांना मी ओच दिली नाही आणि त्यांना वाटले, या पाहुण्याला ऐकू कमी येते. मी प्रश्न विचारी, दोन क्षण वाट पाही आणि सवयीने उत्तरही स्वतःच देऊन टाकी. मुले विचार करत असत, हे मला फार उशिरा कळले.

साधारण 45 मिनिटांचा तास, मग पंधरा मिनिटे मुले बाहेर, बर्फ असला तरी. दुपारचे गरम जेवण सर्व मुलांना मोफत मिळते. 1948 पासूनची ही व्यवस्था आहे. शाळेत शिरताना जोडे दारात काढायचे, हे पाहून घरच्यासारखे वाटले खरे, पण त्या दिवशी माझ्या मोज्याला भोक होते.

थायलंडहून, थोडक्यात

सकाळी आठला राष्ट्रगीत झाल्यावर मुले हात जोडून वाकली, तेव्हा मीही तितकीच वाकले. हात किती उंच न्यायचे हे तेथे मानावर ठरते आणि शिक्षिकेने विद्यार्थ्यांपुढे इतके वाकायचे नसते, हे सहकारी बाईंनी हसत समजावले.

मॉरिशस, मराठीचा वर्ग

कोकणातून गेलेल्यांचे वंशज तेथे मराठी शिकतात, घरी मात्र बहुतेक जण क्रेओल ही तेथील बोली बोलतात. मी अत्यंत शुद्ध मराठीचे टाचण काढून गेले होते. पंधरा मिनिटे झाली तरी कोणी तोंड उघडेना, तेव्हा माझ्याकडून नकळत निघून गेले, "काहून रे, बोलत काहून नाही?" एका मुलाने हा शब्द वहीत उतरवून घेतला. पुस्तकात 'का' असल्याचे मी सांगितले. तरी आठवडाभर सगळा वर्ग मला 'काहून'च विचारत होता. त्यांच्या नियमित बाईंना याचा खुलासा करताना माझी झालेली अवस्था केवळ नागपूरकरालाच समजेल.